प्रमिलाताईंचं तिसरं नको

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका घरी आली. गुळगुळीत कागद, पानोपानी डॉक्टरांच्या आणि घरं विकणाऱ्यांच्या जाहिराती, आणि मधल्या एका पानावर प्रमिलाताई रिसबूड यांचा फोटो. अंगावर शाल, हातात नारळ, आणि कुणीतरी धरून उभं केल्यासारखा चेहरा. खाली लिहिलं होतं, 'स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या आपल्या पहिल्या भगिनी. संपूर्ण समाज त्यांच्या पाठीशी भक्कमपणे उभा होता.'

मी चहाचा कप खाली ठेवला. समाज पाठीशी उभा होता हे अगदी खरं आहे. पाठीशीच उभा होता, त्यामुळे मागच्या मागे कधी निघून गेला ते ताईंना दिसलंच नाही. एवढी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. शिकागोच्या बाहेर, शॉमबर्गच्या जवळच्या एका गावात आम्ही राहत होतो. लाल विटांची तीन मजली अपार्टमेंट्स होती. भारतातून नवीन आलेली कुटुंबं तिथे उतरायची, चार-पाच वर्षांत पैसे साठवून हायवेच्या पलीकडे घर घ्यायची आणि पलीकडे गेली की अलीकडचं विसरायची. आमच्या बिल्डिंगीत बहुतेकांकडे एकच गाडी, आणि ती सकाळी नवऱ्याबरोबर जायची. पण पार्किंग लॉट ओलांडला की समोर मुलांची शाळा होती. मुलाला ताप आला आणि शाळेच्या ऑफिसातून फोन आला, तर मी पायांत बूट सरकवून त्याला घेऊन यायची. नव्या देशात माझ्या हाताशी असलेली ही एकच सोय होती.

प्रमिलाताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या अहमदनगरच्या. आमच्या कितीतरी आधी आलेल्या, नागरिक झालेल्या, बँकेत सकाळची नोकरी करणाऱ्या. रिसबूड ड्राफ्ट्समन होते, बोलायचे फारच कमी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मनात आणलं असतं तर पलीकडे घर केव्हाच घेतलं असतं. विचारलं की ताई म्हणायच्या, "दोघांना घर कशाला गं? बर्फ उपसायला?"

बँकेतल्या गोऱ्या लोकांना रिसबूड म्हणता येत नसे. ते त्यांना 'मिसेस रोझबड' म्हणत. "गुलाबाची कळी म्हणे," त्या मला सांगायच्या, "या वयात! रिसबूडांनी ऐकलं तर घर सोडून जातील." थंडीत नवऱ्याचा तपकिरी पार्का, म्हणजे जाड टोपीवाला कोट, साडीवर चढवून त्या बँकेत निघायच्या. तो त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा आणि त्यांना त्याचं काहीही वाटायचं नाही.

दुपारी शाळा सुटली की ज्यांच्या आया कामावर असत ती मुलं ताईंकडे जाऊन बसायची. पण त्या मायाळू वगैरे नव्हत्या. कुणी तसं म्हटलं तर त्यांना चीड यायची. मांडीवर घेणं, पापा घेणं, असलं काही नाही. भांडण झालं की दोघांना समोर उभं करून म्हणायच्या, "आधी कारण सांग. रडायचं ते नंतर." मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची. एकदा माझी मोठी, नेहा, म्हणाली, "बिकॉज आय फेल्ट लाइक इट." ताई म्हणाल्या, "हे कारण नाही, ही हौस झाली. कारण सांग." नेहा तेव्हा दहा वर्षांची होती. आज ती वकील आहे आणि समोरच्याला अगदी असंच विचारते.

पण ताईंची खरी ओळख म्हणजे त्यांचं 'नको'.

त्यांना काहीही देऊ केलं की त्या नको म्हणायच्या. पहिलं नको रीत म्हणून. दुसरं नको, समोरचा मनापासून विचारतोय की उगाच, हे बघायला. तिसरं नको आलं तर ते खरं, मग हात मागे घ्यायचा. मला हे पाठ झालं होतं. त्या दारात आल्या की मी विचारायची, "चहा टाकू?" "नको गं, आत्ताच झाला." मी गॅसवर आधण ठेवायची. "अर्धा कप घ्या हो." "नको, कशाला उगीच." तोवर पाण्यात साखर पडलेली असायची, आणि मग ताई खुर्ची ओढून बसायच्या आणि दोन कप प्यायच्या.

अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही हे गेलं नव्हतं. तळमजल्यावरच्या बार्बराने त्यांना एकदा कॉफीला बोलावलं. तिने स्वतः केलेला केक पुढे केला. ताई म्हणाल्या, "नो, नो, थँक यू." बार्बराने गोड हसून प्लेट उचलली आणि आत नेऊन ठेवली. ताई तशाच वर आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुधा, उचललीच गं तिने प्लेट! एकदासुद्धा घ्या म्हणाली नाही!"

"ताई, इथे पहिल्यांदाच हो म्हणायचं असतं."

"पहिल्यांदाच? मी काय हावरट आहे?"

मी त्या दिवशी खूप हसले. नंतर याच गोष्टीने रडवलं.

त्या वर्षी स्कूल बोर्डाने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या, लोकांनी निवडलेल्या समितीने, जाहीर केलं की त्यांच्या डिस्ट्रिक्टमधल्या शाळांतली मुलं कमी झाली आहेत, आमची शाळा आणि हायवेपलीकडची शाळा दोन्ही अर्ध्या रिकाम्या आहेत, तेव्हा त्यातली एक बंद करणार. कुठली ते अजून ठरलं नव्हतं. मीटिंगमध्ये ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं मिळायची. ताई उठल्या आणि त्यांनी अलीकडच्या आयांकडे गाड्या नाहीत हे सांगितलं, आमची शाळा बंद झाली तर आजारी मुलाला आणायला आई हायवे चालत ओलांडणार का, हे विचारलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वुई अप्रिशिएट युअर इनपुट." घरी येताना ताई धुमसत होत्या. "इनपुट म्हणे. मी कारण विचारलं, आणि हा म्हणतो इनपुट. मी काय मिक्सरमध्ये डाळ घालतेय?"

त्यानंतर मंडळाची उन्हाळी पिकनिक झाली. तिथे डॉक्टर कोपरकरांनी विषय काढला. कोपरकर म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. हायवेपलीकडे मोठं घर, मोठा आवाज, आणि दुसऱ्याला कामाला लावायची मोठी हौस. हातात मक्याचं कणीस घेऊन ते म्हणाले, "आपला माणूस पाहिजे बोर्डावर. यार, गुजराती, पंजाबी सगळे पुढे जातायत. प्रमिलाताई, तुम्हीच उभ्या राहा. तुम्ही सिटिझन आहात, इंग्लिश फर्स्ट क्लास आहे."

"नको हो, मला काय त्यातलं कळतंय."

"ते काही नाही. राहायचंच."

"नको डॉक्टर, दुसऱ्या कुणालातरी विचारा."

सगळे हट्टाला पेटले. बायका म्हणाल्या, पुरुष म्हणाले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी ताई नको म्हणाल्या नाहीत. "बघते," म्हणाल्या. झालं. कोपरकर वहिनींनी गाडीतून शाल आणि नारळ आणला. दुसऱ्या कुणाच्या तरी सत्कारासाठी तो आणलेला होता, तो मनुष्य आला नव्हता. स्मरणिकेतला फोटो त्याच दिवसाचा.

आता आमच्यात कुणीही पुढारी झाला तो असाच झाला. मंडळाचा अध्यक्ष व्हायचं असेल तर आधी नको म्हणावं लागतं. मला हवंय असं म्हणणारा माणूस आमच्यात बाद. कोपरकर स्वतः दर वर्षी 'या वेळी मला मोकळं करा' म्हणायचे, दर वर्षी लोक त्यांना बसवायचे, आणि सगळ्यांना माहीत असायचं की खरंच मोकळं केलं असतं तर ते वर्षभर कुणाशी बोलले नसते.

सप्टेंबरात कोपरकरांनी ताईंना घरी बोलावलं. मीही बरोबर गेले. खाली गालिच्यावर बसून मंडळी बटाटेवडे खात होती. ताईंनी सांगितलं की त्या आमची शाळा वाचवायला उभ्या आहेत. वडे तोंडात तसेच राहिले. आमची वाचली तर बंद पडणार पलीकडची, आणि पलीकडची म्हणजे त्यांची. त्यांच्या घरांच्या किमती त्या शाळेवर उभ्या होत्या. कोपरकर म्हणाले, "ताई, दोन्हीकडून विचार करा. काहीतरी मधला मार्ग काढा."

"डॉक्टर, शाळा दोन आहेत आणि मधे हायवे आहे. तुमच्याकडे घरटी दोन गाड्या आहेत. तुमची मुलं अलीकडे येऊ शकतात. आमची कशी जाणार ते कारण देऊन सांगा."

वहिनींनी चटणी फिरवली. त्या दिवसापासून पलीकडचे फोन कमी झाले.

ऑक्टोबरात शाळेच्या जिममध्ये उमेदवारांची सभा झाली. एका जागेसाठी दोन उमेदवार होते, ताई आणि हॅरल्ड नावाचा एक विमा एजंट. तो पलीकडचा. पहिलाच प्रश्न साधा होता. ही जागा तुम्हाला का हवी आहे?

हॅरल्ड उठला आणि म्हणाला, "आय वॉन्ट धिस सीट. आय वॉन्ट इट बॅडली." लोकांनी टाळ्या पिटल्या. आमच्या रांगेतल्या एका काकू कुजबुजल्या, "शी, किती हपापलाय!"

मग ताई उठल्या. निळी साडी, अंबाड्यावर एक पिन नीट केली आणि म्हणाल्या, "टु टेल यू द ट्रुथ, आय डू नॉट वॉन्ट इट. आय सेड नो. पीपल फोर्स्ड मी."

आमची सगळी रांग माना डोलवत होती. किती विनम्र, किती निःस्वार्थी! बाकीचा हॉल एकमेकांकडे बघत होता. मग मागून कुणीतरी हसलं. शेजारी बसलेल्या नेहाने कपाळावर हात मारून घेतला. "आई, व्हाय डिड शी से दॅट?" पुढची दहा मिनिटं ताई फार चांगलं बोलल्या, हायवेबद्दल, गाड्यांबद्दल, आजारी मुलांबद्दल. कुणी ऐकलं नाही. लोकांनी पहिल्या वाक्यालाच प्लेट उचलून आत नेली होती.

गावच्या साप्ताहिकात ठळक मथळा आला, 'उमेदवार म्हणतात, मला ही जागा नको.' खाली एक ओळ अशीही होती की यांचं एकही मूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत नाही. ताईंनी तो अंक माझ्यासमोर टेबलावर टाकला. "मी खोटं बोलले का?"

"नाही ताई. पण इथे नको म्हणजे नकोच."

"मग काय म्हणू?"

"हवंय म्हणा. घरोघर जा आणि म्हणा."

माझ्या स्वयंपाकघरात आम्ही तालीम केली. मी दार उघडणारी गोरी बाई व्हायची आणि ताई बाहेरून यायच्या. "आय वॉन्ट..." एवढं म्हणून त्या थांबायच्या. जीभच वळायची नाही. म्हणाल्या तर प्रश्न विचारल्यासारखं म्हणायच्या. पाच-सात वेळा झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"सुधा, आयुष्यात मी एकच गोष्ट हवी म्हणून मागितली होती. डॉक्टरांपुढे, देवापुढे, सासूपुढे. हवंय हवंय म्हणून रडले होते. ते मिळालं नाही. त्यानंतर हा शब्दच टाकला मी."

मी चहा टाकला. त्या नको म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत, बसून राहिल्या. मग उठल्या, बाहेर गेल्या, दार वाजवलं आणि मी उघडल्यावर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आय वॉन्ट धिस सीट. आय अ‍ॅम आस्किंग फॉर युअर व्होट."

पुढचे पंधरा-वीस दिवस त्या तो पार्का घालून दारोदार फिरल्या. बार्बरा त्यांना गाडीतून न्यायची. केकची प्लेट उचलणारी हीच ती बार्बरा. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी आत बोलवायचं. बार्बरा सांगायची की मिसेस रोझबड आता अशा मागतात की नाही म्हणायची सोय नाही. लोक ऐकू लागले होते. अपार्टमेंटमधल्या मेक्सिकन बायका ऐकत होत्या, पोलिश म्हाताऱ्या ऐकत होत्या. ताईंच्या चालण्यात फरक पडला होता. मला तेव्हा खरंच वाटलं की ही बाई निवडून येते.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी मंडळाची दिवाळी होती. हॉल कुठला, तर आमच्याच शाळेचा, कारण भाडं कमी. जेवणाच्या रांगेत ताई कोपरकरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मला ही जागा हवी आहे. तुमचं मत हवंय. वहिनींचंही हवंय."

कोपरकरांच्या हातात पुरी होती. ते एकदम हसले आणि इकडेतिकडे बघू लागले. "अहो ताई, हे काय? आपल्यात मत असं मागतात का?"

"मागितल्याशिवाय मिळत नाही, हे शिकले मी. देणार का ते सांगा."

"बघू ना. बघू." आणि ते श्रीखंडाकडे वळले.

ताई रांगेतल्या प्रत्येकाकडे गेल्या आणि प्रत्येकाला तेच म्हणाल्या. लोक अंग चोरत होते, जसं काही त्या उसने पैसे मागत होत्या. मी पाणी घ्यायला वळले तेव्हा कोपरकर वहिनी दोघी-तिघींना सांगत होत्या, "किती बदलली गं बाई! हवंय हवंय काय, शोभतं का? आधी कशी साधी होती. आणि मूल ना बाळ, हिला शाळेचा एवढा सोस कशाला?"

ताई त्यांच्या मागेच उभ्या होत्या, हातात ताट घेऊन. वहिनींनी वळून पाहिलं आणि घाईने म्हणाल्या, "अगंबाई, प्रमिलाताई! जिलबी घेतलीत का? घ्या ना." ताईंनी ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि त्या रिसबूडांना घेऊन निघून गेल्या. नाटुकलं सुरू व्हायचं होतं म्हणून कुणी थांबवायला गेलं नाही.

गोऱ्या लोकांपुढे नको म्हणाल्या म्हणून ताई बाद, आणि आपल्यांपुढे हवंय म्हणाल्या म्हणूनही बाद. दोन्हीकडचं बरोबर जमवायला माणसाने किती वेळा जन्म घ्यायचा?

मंगळवारी मतदान झालं. माझ्याकडे तेव्हा नुसतं ग्रीन कार्ड होतं, मत नव्हतं. मी बाहेर, नियमाप्रमाणे लांब, ताईंच्या नावाचा बोर्ड धरून उभी होते. बोचरा वारा होता. बार्बरा येऊन गेली, मेक्सिकन बायका कडेवर मुलं घेऊन येऊन गेल्या. आपली माणसं मोजकीच आली, तीही अलीकडची, नुकती नागरिक झालेली. पलीकडून कुणी आलं नाही. कोपरकर ऑन-कॉल होते. एकांकडे पाहुणे आले होते. एकांची मीटिंग कॅन्सल झाली नव्हती. निदान हॅरल्डला मत द्यायला तरी यायचं! पण तेवढाही वाईटपणा कुणाला घ्यायचा नव्हता.

ताई हरल्या, आणि थोडक्यात हरल्या. पलीकडची मराठी मंडळी दोन-तीन व्हॅन भरून आली असती तर चित्र पालटलं असतं. हॅरल्डने बोर्डावर बसल्यावर आमची शाळा बंद करायचा ठराव मांडला आणि तो पास झाला. जूनमध्ये शाळेच्या दारांना साखळी लागली.

वार्षिक सभेत कोपरकरांनी ताईंचं नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं. भरपाई म्हणून असेल. त्यांना ते फार मोठ्या मनाचं वाटत होतं.

"नको," ताई म्हणाल्या.

"अहो, असं कसं? व्हायचंच."

"नको."

कोपरकर सगळ्यांकडे बघून हसले. ही रीत त्यांना ठाऊक होती. "ताई नको म्हणाल्या म्हणजे समजा झाल्याच!"

"डॉक्टर, नको," ताई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "तुम्हाला हवंय म्हटलेलं ऐकवत नाही आणि नको म्हटलेलं कळत नाही. मग मी बोलू तरी कुठल्या भाषेत?" आणि त्या पार्का घालून बाहेर पडल्या. मंडळात त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. हे स्मरणिकेत नाही.

पुढच्या सप्टेंबरात रिसबूडांना मिशिगनमधल्या नोव्हाय गावी नोकरी मिळाली. ज्या सकाळी ते निघाले त्या सकाळी सामानाचा ट्रक भरून झाला होता, रिसबूड गाडीत बसले होते. ताई मात्र रस्त्याच्या कडेला, मुलांच्या नव्या बस-स्टॉपवर उभ्या होत्या. पिवळी बस आली. अपार्टमेंटमधली मुलं चढली, माझी दोन्हीही चढली. धाकट्याला रात्री खोकला होता. ताईंनी त्याची झिप गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "बरं वाटलं नाही तर टीचरला सांग. कारण सांग, रडत बसू नको." बस हायवेकडे वळेपर्यंत त्या तिकडेच बघत होत्या.

उघड्या खिडकीतून हे बघत होते, तशीच मी खाली धावत गेले. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून तेवढंच आलं, "ताई, चहा?"

मी गॅस पेटवलेला नव्हता. त्या दोनदा नको म्हणणार, तेवढ्यात वर जाऊन आधण ठेवता येईल, असं माझं नेहमीचं गणित.

"हो," ताई लगेच म्हणाल्या. "हवाय. दे."

आणि त्यांनी हात पुढे केला. माझ्या हातात काही नव्हतं.